प्रकल्प नोंदी : सहा लवचीक काठ्यांचं शिल्प, आधी पडद्यावर, मग जमिनीवर

४ मार्च

आराखडा ठरला. जमिनीवर ९०० मिमी व्यासाची लोखंडी कडी. तिच्यावर ६०-६० अंशांवर सहा खोबण्या, प्रत्येकीत ८ मिमी जाडीची फायबरग्लासची काठी, मोकळी लांबी ३ मीटर. काठ्या १२ अंश बाहेर कललेल्या. प्रत्येक शेंड्यापासून दोन दोऱ्या निघतात, एक डावीकडच्या काठीच्या १६०० मिमीच्या खुणेवर, एक उजवीकडच्या. दोऱ्या ओढल्या की शेंडे आत झुकतात. हात लावला तर सगळं मिळून डोलावं आणि सोडल्यावर मूळ जागी यावं.

अशा कामात आकार आधी काढून मग तो बनवता येत नाही. काठी तिला हवी तशीच वाकते. आपल्या हातात फक्त लांबी, जाडी, बांधण्याच्या जागा आणि टोकांचे कोन. म्हणून चित्र काढणारं सॉफ्टवेअर पुरत नाही, समतोल शोधणारं लागतं. सुरुवात राइनो या त्रिमितीय आरेखनाच्या सॉफ्टवेअरमधल्या ग्रासहॉपरवर (घटक जोडून आराखडा मांडायची सोय), आकार शोधायला त्यातलं कांगारू. राइनो ६ पासून कांगारू सोबतच येतं, वेगळं बसवावं लागत नाही. अॅलिस्टर डे यांनी १९६५ साली मांडलेल्या गतिज शिथिलीकरणाच्या कुळातलंच हे काम: बिंदू सुटे ठेवायचे, प्रत्येकावरची ओढाताण मोजायची, समतोल येईपर्यंत सरकवत राहायचं.

ब्लेंडर हे अॅनिमेशनचं सॉफ्टवेअरही पाहिलं. हालचाल देखणी दिसते, पण तिथले कापडाच्या ताठपणाचे आकडे न्यूटन-मीटरमध्ये नाहीत. चित्रफितीसाठी ठीक, दोरी किती ओढायची हे त्यातून कळणार नाही.

५ मार्च

सामान मोजलं. फायबरग्लासच्या काठ्यांच्या पत्रकात लवचिकतेचा गुणांक (सामान ताणायला किती कठीण त्याचा आकडा) सहसा ‘३५ ते ४५ गिगापास्कल’ असा मोघम असतो. एवढ्या फरकावर हिशेब चालत नाही.

पद्धत साधी. दोन टेकूंमध्ये बरोबर १ मीटर अंतर, मध्यावर १ किलो वजन, वजनाआधीची आणि नंतरची उंची मोजून वजाबाकी. वजाबाकीच घ्यायची, कारण काठी स्वतःच्या वजनानेही दीडएक मिलिमीटर खाली बसते. सहा काठ्यांची सरासरी २३.६ मिमी. बल × अंतराचा घन ÷ (४८ × झोळ) या सूत्राने वाकण्याचा ताठपणा ८.६६ न्यूटन-वर्गमीटर. व्यास व्हर्निअरने तीन ठिकाणी, दोन दिशांना मोजला, सगळीकडे ८.०० च्या आसपास. त्यातून गुणांक ४३ गिगापास्कल.

पुढच्या गणितात ताठपणाच वापरायचा, गुणांक नाही. व्यास चौथ्या घातात येतो. व्हर्निअर एक दशांश मिलिमीटर चुकलं की ताठपणा ५ टक्के चुकतो. झोळ मोजला की ही अडचण राहत नाही.

३ मीटरचं वजन २९६ ग्रॅम. काठ्या पूर्ण सरळ नाहीत. जमिनीवर ठेवून फिरवल्या तर मधोमध १५ मिमीपर्यंत बाक दिसतो. प्रत्येकीच्या बाकाच्या बाजूला चिकटपट्टीची खूण केली. १५ मिमी बाक म्हणजे ७५ मीटर त्रिज्या. शिल्पात त्रिज्या मीटर-सव्वा मीटर असणार, तेव्हा फरक दोनएक टक्क्यांचा. खुणा तरीही ठेवल्या, सगळे बाक आतल्या बाजूला बसवायचे.

७ मार्च

कांगारूची पहिली तपासणी, ज्याचं उत्तर कागदावर ठाऊक आहे अशा प्रश्नाने. काठीची दोन्ही टोकं बिजागरीसारखी मोकळी, ती जवळ आणायची. टोकांशी काठी जोडरेषेला बरोबर काटकोनात येते तेव्हा टोकांमधलं अंतर लांबीच्या ०.४५७ पट आणि कमानीची उंची ०.३८१ पट असते. ३ मीटरला १३७१ आणि ११४४ मिमी.

मांडणी: काठीचे ४० सारखे तुकडे, प्रत्येक तुकड्याला लांबी टिकवणारं बंधन, दर दोन तुकड्यांमध्ये कोनाचं बंधन. विश्रांतीचा कोन, म्हणजे बल नसताना दोन तुकड्यांत असणारा कोन, शून्य. इथे एक सापळा आहे. वाकडी रेष आधी आखली आणि विश्रांतीचा कोन त्या रेषेतूनच घेतला, तर काठी मुळातच वाकडी तयार केली आहे असं सॉफ्टवेअर धरतं. आकार सुरेख दिसतो, प्रतिबल, म्हणजे काठीच्या आतला दाब-ताण, शून्य येतं. सुरुवात नेहमी सरळ रेषेपासून, मग टोकं ओढत आणायची.

तुकड्याच्या लांबीला ‘ल’ म्हटलं तर कोनाच्या बंधनाला ताठपणा ÷ ल, आणि लांबीच्या बंधनाला गुणांक × छेदाचं क्षेत्रफळ ÷ ल. खरे आकडे घातले तर लांबीचं बंधन कोनाच्या मानाने फारच कडक पडतं. दोघांचं गुणोत्तर १६ × ल वर्ग ÷ व्यास वर्ग. ७५ मिमीच्या तुकड्याला १४०० च्या वर. सॉफ्टवेअर मुंगीच्या पावलाने पुढे सरकतं. लांबीचं बंधन शंभर पट सैल केलं. दहा-पंधरा न्यूटनच्या बलाला काठी ०.०७ टक्क्यांहून कमी ताणली किंवा दबली जाते, तेवढं चालेल.

उंची ११४४ आली. छान.

१० मार्च

छान काही नव्हतं. गुरुत्वाकर्षण चालू केलं आणि सहाही काठ्या ओल्या सुतळीसारख्या खाली आल्या.

तासाभराने सापडलं: फाइलमध्ये ताठपणा अजून व्यासावरूनच निघत होता, आणि व्यासाच्या रकान्यात त्रिज्या गेली होती. ८ च्या जागी ४. चौथा घात असल्याने ताठपणा सोळा पट कमी, ८.६६ च्या जागी ०.५४. मग सातव्या तारखेची तपासणी पास कशी झाली? कारण एकसारख्या जाडीच्या काठीची टोकं ठरावीक अंतरावर धरली आणि वजन धरलं नाही, तर आकार ताठपणावर अवलंबूनच नसतो. पोलादी तार असो की वेताची काठी, कमान तीच. बदलतं ते फक्त टोकांवरचं बल.

म्हणजे आकार जुळला यावरून ताठपणाबद्दल काहीच सिद्ध होत नाही. आकार जुळणं ही फक्त कोनांची मांडणी बरोबर असल्याची पावती आहे. ताठपणा तपासायचा तर बल तपासा.

तसं केलं. याच कमानीला टोकांवर १३.२ न्यूटन यायला हवेत. चुकीच्या आकड्याने ०.८३ येत होते. दुरुस्तीनंतर कांगारूत १३.२. खरी काठी गुळगुळीत प्लायवर आडवी ठेवली, टोकांमध्ये दोरी, दोरीत ताणकाटा. घर्षणामुळे काटा १२ ते १४.५ मध्ये कुठेही थांबतो. प्लायला हाताने टकटक करत राहिलं की १३.४ वर स्थिरावतो. काठी उभी धरून हे मोजू नये. तिचं वजन २.९ न्यूटन आहे, आकार आणि आकडा दोन्ही बिघडतात. या कमानीत मध्यावरची त्रिज्या ५७२ मिमी आणि प्रतिबल ३०० मेगापास्कल होतं. दहा मिनिटं चालतं, रात्रभर तशी ठेवू नये.

तुकडे किती घ्यावेत याचंही उत्तर इथेच. तुकड्यांच्या साखळीला वाकून निसटायला लागणारं बल हेंकी यांच्या १९२० च्या सूत्राने नेमकं काढता येतं. १० तुकड्यांना ते ०.८ टक्के कमी येतं, २० ना ०.२, ४० ना ०.०५. म्हणजे आकारासाठी २० पुरे आहेत. ४० ठेवले ते दोऱ्या बांधायच्या खुणा ७५ च्या पटीजवळ आणता याव्यात म्हणून.

११ मार्च

खोबणी कशी दाखवायची? सर्वसाधारण रीत म्हणजे पहिले दोन बिंदू जखडायचे, की पहिल्या तुकड्याची दिशा पक्की. पण कोनाचं बंधन ज्या बिंदूवर असतं, ते त्याच्या दोन्ही बाजूंच्या अर्ध्या-अर्ध्या तुकड्याचं वाकणं सांभाळतं. पहिला बिंदू खोबणीच्या तोंडाशी ठेवला तर काठीचा पहिला अर्धा तुकडा फुकट ताठ होतो. ७५ च्या तुकड्याला ३७ मिमी. ३ मीटरमध्ये क्षुल्लक वाटतं, पण डोलण्याचा काळ अडीच टक्क्यांनी चुकतो. उपाय: पहिला बिंदू खोबणीच्या तोंडाखाली अर्धा तुकडा ठेवायचा. एका ओळीची दुरुस्ती.

१४ मार्च

एक-तृतीयांश मापाची प्रतिकृती. नेहमी होणारी चूक म्हणजे सगळी मापं तीनने भागणं. तसं केलं तर काठी २.७ मिमीची येते आणि प्रतिकृती दिमाखात उभी राहते. ती खोटं बोलत असते. वजन व्यासाच्या वर्गात घटतं, ताठपणा चौथ्या घातात. लहान वस्तू आपोआप कडक होते. झुकणं खऱ्यासारखं हवं असेल तर लांबीचा घन ÷ व्यासाचा वर्ग हे गुणोत्तर सारखं ठेवावं लागतं, सामान तेच असेल तर. हिशेबाने १.५४ मिमी. १.५ मिमीची फायबरग्लासची काडी मिळते, ती घेतली. ५ टक्के जास्त मऊ, म्हणजे चूक झाली तरी सावध बाजूला.

२.७ मिमीची काडी याच मापाला तिप्पट ताठ ठरली असती.

१५ मार्च

प्रतिकृती उभी केली, बारा दोऱ्या बांधल्या. पडद्यावर सुबक टोपली दिसत होती. टेबलावर ती उभ्या अक्षाभोवती वीसेक अंश वळली आणि एका बाजूला कलून थांबली. हाताने सरळ केली तर दुसऱ्या दिशेला वळून तिथे बसली.

दोष मोजमापांत नव्हता. पडद्यावरची मांडणी काटेकोर सममित होती, डावं-उजवं एकसारखं. अशा मांडणीत कुठल्याच बिंदूवर बाजूला ढकलणारं बल तयार होत नाही, म्हणून सॉफ्टवेअर डोंगराच्या धारेवर तोल साधून उभं राहतं आणि ‘समतोल आला’ म्हणून सांगतं. समतोल आहे, टिकाऊ नाही. खऱ्या काडीचा दशांश मिलिमीटरचा बाकही तिला धारेवरून खाली ढकलतो.

आता प्रत्येक वेळी सुरुवातीलाच सगळ्या बिंदूंना ठिकठिकाणी २ मिमीपर्यंतचा स्वैर धक्का देतो. त्यासाठी ग्रासहॉपरमध्ये एक यादृच्छिक आकड्यांचा घटक, बीज (सुरुवातीचा आकडा) बदलून वीस वेळा चालवला. तेरा वेळा उजवीकडे वळलं, सात वेळा डावीकडे, सरळ एकदाही राहिलं नाही. हा धक्का कायमचा फाइलमध्ये ठेवला आहे. वीसच्या वीस वेळा एकच आकार आला तरच आकार मान्य.

१६ मार्च

वळणं थांबवायचं की मान्य करायचं? थांबवायला आडव्या दोऱ्यांची आणखी एक कडी लागते, मग डोलणंच संपतं. वळू दे, फक्त कुठे वळायचं ते आपण ठरवू. प्रत्येक शेंड्याची उजवीकडची दोरी काढून टाकली. बारातल्या सहा उरल्या, सगळ्या बाहेरून पाहता डावीकडे. वीसपैकी वीस वेळा एकाच दिशेला, एकाच आकारात. शेंड्यांची उंची २.२ मीटरच्या जवळ. प्रतिकृतीतही तसंच. आधीच्या आराखड्यापेक्षा दिसायलाही चांगलं, हे आमचं मत.

१९ मार्च

पिळाचा प्रश्न. कांगारूतली ही कोनांची मांडणी पीळ मोजत नाही. आपल्याला तो लागतो का?

काठी गोल आणि मुळात सरळ असेल आणि दोऱ्या तिच्या अक्षावर ओढत असतील, तर काठीभर पिळाचा आघूर्ण (पिळवटणारा जोर) एकच राहतो. शेंडा मोकळा असल्याने तिथे तो शून्य, म्हणून सगळीकडे शून्य. काठी कितीही आडवीतिडवी वाकली तरी. म्हणजे कांगारूचा आकार या रचनेला बरोबर आहे. दोन काठ्यांचे शेंडे नळीत घट्ट जोडून बंद कमानी केल्या असत्या तर मात्र हे चाललं नसतं. तिथे २००८ मध्ये बर्गू आणि सहकाऱ्यांनी मांडलेली सुट्या तुकड्यांच्या लवचीक काठीची पद्धत किंवा तिच्यासारखं काही लागतं, जे प्रत्येक तुकड्याबरोबर त्याची फिरलेली चौकटही सांभाळतं.

अडचण फक्त दोरी अडकवायच्या डोळ्यांची. १६०० च्या खुणेवर दोरी अडकवायला जो डोळा बसवणार होतो, तो अक्षापासून १२ मिमी बाहेर. ५ न्यूटनच्या ओढीला ०.०६ न्यूटन-मीटरचा पीळ. शेंड्याशी असाच डोळा असता तर काठी किती पिळली असती ते काढायला पिळाचा ताठपणा हवा. १ मीटर काठी वर जखडून उभी टांगली, खाली आडवी पट्टी, पट्टीवर मध्यापासून २५० मिमीवर एकेक किलो. दहा हेलकाव्यांना १७.६ सेकंद. त्यातून १.६७ न्यूटन-वर्गमीटर. ३ मीटरला ६ अंश पीळ. बघणाऱ्याला कळणार नाही, पण डोळे तिरके दिसतात. डोळा रद्द, दोरी काठीभोवती गाठीने बांधायची.

या मोजणीतून दुसरी, जास्त महत्त्वाची गोष्ट निघाली. कातर गुणांक, म्हणजे सामानाच्या पिळाला होणाऱ्या विरोधाचा आकडा, ४.१५ गिगापास्कल. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये फक्त लवचिकतेचा गुणांक आणि ०.३ हे पॉयसन गुणोत्तर (ताणल्यावर सामान आडवं किती आकसतं ते) भरतात, कातर गुणांक ते स्वतः काढतं: १६.५ गिगापास्कल. धातूला हे बरोबर आहे. लांबीच्या दिशेने तंतू असलेल्या काठीला चौपट चूक. तंतू वाकण्याला विरोध करतात, पिळाला मुख्यतः राळ विरोध करते.

२२ मार्च

हालचाल. कांगारूत काठ्या डोलताना दिसतात, पण ते डोलणं घड्याळाच्या वेळेतलं नाही. वस्तुमान कल्पित आहे, पायऱ्या फक्त समतोलापर्यंत पोचण्यासाठी. त्यावरून ‘शिल्प दोन सेकंदांत एक झोका घेतं’ असं कुणाला सांगू नये.

पायइलास्टिका चालवून पाहिलं. पायथनमधलं, काठ्यांसाठीच बनवलेलं; वाकणं, पीळ, ताणणं, कातर, सगळं धरतं. अडचण वेळेच्या पायरीची, म्हणजे सॉफ्टवेअर एका वेळी किती काळ पुढे सरकतं त्याची. ५० मिमीचा तुकडा आणि काठीतला ध्वनीचा वेग ४७०० मीटर प्रति सेकंद, म्हणजे पायरी ११ मायक्रोसेकंदांहून कमी हवी. प्रत्यक्षात त्याहून लहान, कारण बारीक काठीत कातरामुळे तुकडा जागच्या जागी थरथरतो आणि त्या कंपनाला सुमारे ३ मायक्रोसेकंदांची मर्यादा येते. सुरक्षित १ मायक्रोसेकंद धरला तर २० सेकंदांच्या डोलण्याला दोन कोटी पायऱ्या. एका काठीला जमतं. सहा काठ्या आणि दोऱ्या घेऊन पर्याय चाळायला नाही.

२४ मार्च

मुजोको, हालचालीचं गणित करणारं सॉफ्टवेअर. २०२२ पासून मुक्त स्रोत. त्यात केबल नावाची रचना आहे: ताठ तुकडे, मध्ये गोल सांधे, वाकण्याचा आणि पिळाचा गुणांक वेगवेगळे भरता येतात, म्हणजे वरची चौपट चूक टळते. मूळ पायरी २ मिलिसेकंद. त्यावर पहिल्याच क्षणी काठ्या उडाल्या.

कारण हिशेबाने काढता येतं. ७५ मिमीच्या तुकड्यांत वाकण्याची सर्वांत जलद कंपनं ०.३ मिलिसेकंदांची पायरी मागतात. तिथेही थरथर होती, कारण पिळाची कंपनं त्याहून जलद आहेत. बारीक काठीचं स्वतःच्या अक्षाभोवतीचं जडत्व नगण्य असतं, त्यामुळे मर्यादा ०.०५ मिलिसेकंद. आपल्या शिल्पात पीळ नसला तरी गणितात ती कंपनं असतातच. ०.०४ ठेवली, सगळं शांत. २० सेकंदांना पाच लाख पायऱ्या, चहा संपायच्या आत होतं. सांध्यांना कृत्रिम जडत्व देऊन पायरी वाढवता येते, पण तेच जडत्व डोलण्यातही मिसळतं. तो मोह टाळला.

दोऱ्या फक्त ताण घेणाऱ्या ठेवल्या: सैल झाल्या की बल शून्य. हे विसरलं तर दोरी काठीला ढकलायला लागते.

२७ मार्च

मुजोकोची तपासणी एकाच उभ्या काठीने. ३ मीटर, खाली जखडलेली. वजन न धरता झोक्याचा काळ १.७२ सेकंद येतो, वजन धरून २.१९. फरक मोठा आहे, कारण उभ्या काठीचं वजनच तिला पाडायला बघतं. याच काठीची लांबी ४.१ मीटर केली तर ती स्वतःच्या वजनानेच उभी राहू शकत नाही. ३ मीटर निवडले ते याच हिशेबाने; ३.५ ला काठी फारच दुबळी पडते.

मुजोकोत २.१८. खरी काठी: दहा झोके २३.४ सेकंद. सात टक्के जास्त. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. खोबणीचं भोक ८.४ मिमी, खोली ८० मिमी. काठी आत ०.४ मिमी खेळते म्हणजे शेंड्याला १५ मिमी मोकळी हालचाल. कागद गुंडाळून घट्ट बसवली, २१.९. अवमंदनासाठी, म्हणजे झोका किती लवकर मंदावतो ते कळायला, झोका निम्मा व्हायला किती फेऱ्या लागतात ते मोजलं: दहा. म्हणजे अवमंदन गुणोत्तर ०.०११.

१ एप्रिल

पूर्ण रचनेचे अंतिम आकडे. दोऱ्यांतला ताण ३.१ ते ४.८ न्यूटन, म्हणजे जेमतेम अर्धा किलो. सर्वांत लहान त्रिज्या ११८० मिमी, खोबणीच्या तोंडाशी. प्रतिबल = गुणांक × अर्धा व्यास ÷ त्रिज्या = १४६ मेगापास्कल. पत्रकातली वाकण्याची ताकद ७००. कायम वाकून राहणाऱ्या फायबरग्लासला आम्ही तिच्या ३० टक्क्यांच्या वर नेत नाही, म्हणजे २१० पर्यंत. तुटायची त्रिज्या २४६ मिमी. एवढं वाकवायचं तर मुद्दाम मोडायलाच यावं लागेल.

दोरीची लांबी चुकली तर काय, हे पाहायला एकेक दोरी १० मिमी कमी-जास्त केली. शेंडा २० ते ३५ मिमी हलतो, आणि समोरच्या काठ्याही थोड्या हलतात. म्हणजे दोऱ्या नेमक्या कापून भागणार नाही, प्रत्येकीला सरकता अडकवा हवा. तंबूच्या दोरीला असतो तो तीन भोकांचा पुरेल.

कडी: ५० × १० मिमी पट्टी, ११ किलो. कुणी २.२ मीटर उंचीवर २० न्यूटनने ओढलं तर उलटवणारा आघूर्ण ४४ न्यूटन-मीटर, काठ्यांसकट वजनाचा विरोध ५७. अगदी काठावर. कडीवर दहा-दहा किलोचे तीन ठोकळे.

४ एप्रिल

कापणी. काठीवर कापायच्या जागी चिकटपट्टी, बारीक दातांची करवत, पाणी सोडत. मास्क आणि हातमोजे नसतील तर काम सुरू करू नये. काचेची बारीक कुसळं कातडीत दिवसभर टोचतात.

काठीला भोक पाडायचं नाही, कुठेही. तंतू लांबीने असतात, भोकापासून काठी उभी फाटत जाते. बुडाला ८.३ मिमी आतल्या व्यासाची, ८० मिमी लांब पोलादी नळी, इपॉक्सीने चिकटवलेली. आत जाणारा भाग १२० नंबरच्या कागदाने चमक जाईपर्यंत घासला. बंद नळीच्या तळाला २ मिमीचं भोक ठेवायला हवं. पहिल्या नळीला ते नव्हतं, कोंडलेल्या हवेने काठी रात्रीत ६ मिमी वर ढकलली.

नळीचं तोंड आतून थोडं गोलसर घासून घेतलं. धारदार कडेशी काठी वाकते तिथेच पहिली चीर जाते.

९ एप्रिल

जोडणी. ग्रासहॉपरमधून बाहेर काढले ते निर्देशांक नाहीत, काठीवरून मोजलेली अंतरं: बुडापासून १६०० ची खूण, दोरीची ताण नसतानाची लांबी, खोबणीचा कल आणि रोख. वाकड्या काठीवर क्ष-य-झ शोधत बसण्यापेक्षा सरळ काठीवर टेप धरणं सोपं.

दोरी १.५ मिमी, डायनीमा या कृत्रिम धाग्याची. नायलॉन ओलाव्याने सैल पडतो. डायनीमा निसरडा आहे, साधी गाठ सुटते. काठीभोवती पाच वेढ्यांची पकड-गाठ आणि खाली घसरू नये म्हणून सुताचं पातळ अस्तर.

सहाही दोऱ्या आधी सैल, मग फेरीने प्रत्येकी थोडी थोडी ओढायची. एक पूर्ण ओढून मग दुसरी असं केलं तर मधल्या अवस्थेत एका काठीवर अंतिम प्रतिबलापेक्षा जास्त येतं. पडद्यावर हा क्रम चालवला तेव्हा १९० आलं होतं. चार फेऱ्यांत आकार बसला. शेंड्यांची उंची ओळंबा सोडून मोजली: हिशेबाच्या २१९० समोर २१६८ ते २२०४. ताण ३ ते ५ न्यूटनच्या मध्ये.

२३ एप्रिल

दोन आठवड्यांनी पुन्हा मोजलं. शेंडे सरासरी १८ मिमी खाली. एक काठी सोडवून जमिनीवर ठेवली: बाक १५ चा २४ मिमी झालेला. फायबरग्लास थोडं सैलावतं, बहुतेक पहिल्या काही दिवसांतच. गाठीही ३-४ मिमी सरकल्या. दोऱ्या प्रत्येकी ८ मिमी आखडल्या, उंची परत आली.

फाइलींबद्दल: ग्रासहॉपरची फाइल ‘जीएचएक्स’ या मजकूर रूपात ठेवली, मोजलेले सगळे आकडे वेगळ्या ‘सीएसव्ही’ या साध्या तक्त्यात. व्यासाच्या रकान्याचं नाव आता ‘व्यास_मिमी_त्रिज्या_नव्हे’ असं आहे.

उरलेलं: २१ मे रोजी पुन्हा उंची मोजणे. गाठीखाली अस्तर घासतंय का ते पाहणे, विशेषतः दाराजवळच्या काठीवर, तिला सगळे हात लावतात.